मदत हवी आहे: मिरीला नारायणगावच्या मळ्यावर द्यावी की वाकडच्या फ्लॅटमध्ये?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही काही जण रस्त्यावरची कुत्र्यांची बेवारस पिल्लं घरी सांभाळतो (यालाच फॉस्टर म्हणतात) आणि त्यांना कायमची घरं शोधून देतो. संस्था नाही, शेल्टर नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ज्याच्या त्याच्या घरातला एक कोपरा, बस. लसी, जंतांचं औषध, नसबंदी हा खर्च वर्गणीतून होतो.

माझ्याकडे सध्या मिरी आहे. साधारण दहा महिन्यांची, काळी कुळकुळीत. धायरीकडच्या एका बांधकामावर सापडली. भावंडं पार्व्होत (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजारात) गेली, ही सलाईनवर तगली. लसी झाल्यात, नसबंदी झाली आहे, माणसांची आवड आहे, मांजरांची मुळीच नाही.

काळी आणि त्यातून मादी, त्यामुळे फोन कसे येतात ते विचारू नका. "मादी नको हो, पिल्लं होतात." नसबंदी झाल्याचं जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत आहे, पण वाचतो कोण! ग्रुपमध्ये तिच्यामागून आलेले तांबूस कुत्रे केव्हाच मार्गी लागले.

आता अचानक दोन घरं पुढे आली आहेत आणि ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.

पहिलं घर नारायणगावजवळचं. एकत्र कुटुंब, ऊस आणि थोडी द्राक्षं. माणसं मला मनापासून आवडली. आजोबांनी कुत्रीची जात विचारली नाही, आजींनी एवढंच विचारलं की दूधभाकरी खाते ना. दिवसभर मोकळी फिरेल, लहान मुलं आहेत, गुरं आहेत. पण रात्री पडवीत साखळीने बांधणार, राखणीला. आणि त्यांचं आधीचं कुत्रं बिबट्याने नेलं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही.

दुसरं घर वाकडचं. आयटीतलं जोडपं, भाड्याचा फ्लॅट. कुत्री घरातच राहील, सकाळ-संध्याकाळ फिरवतील, डॉक्टर जवळ आहे. पण घरमालकाला अजून विचारलेलं नाही ("सोसायटी तर अडवू शकत नाही ना?") आणि कॅनडाच्या पीआरचा (तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज केलाय. "सोबत नेऊ" म्हणतात.

दोघांनाही नाही म्हणून थांबावं, तर तिसरीच अडचण. मिरी जाईपर्यंत माझ्याकडे दुसरं पिल्लू येऊ शकत नाही, घर लहान आहे. आमच्या कामात एक कुत्रं अडकलं की त्याच्यामागचं रस्त्यावरच राहतं. म्हणून ग्रुप घाई करतोय, आणि त्यांचं चूकही नाही.

मळ्यावर कुत्रं सांभाळणाऱ्यांनी आणि परदेशी कुत्रं नेलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.

शिवनेरीचा पोर

ताई, मी राजुरीचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, चारही तालुक्यांत उसात बिबट्या असतोच. तिथेच पिल्लं घालतो, तिथेच वाढतो, आणि कुत्रं त्याला सोपी शिकार. पडवीला साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं. मोकळं असतं तर निदान घरात तरी पळेल.

पण म्हणून नाही म्हणू नका. आमच्याकडे गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी मारली आहे. वरून महत्त्वाचं, कारण तो चढतो. दिवेलागणीला कुत्रं आत आणि कडी बंद. आतून भुंकलं तरी राखण होतेच की! काही जण खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या नरडं धरतो, पण नुसत्या पट्ट्याच्या भरवशावर बाहेर ठेवू नये. त्यांचा गोठा बंदिस्त आहे का, एवढं आधी विचारा.

खडूस

एवढा घोळ कशाला? जिथून आणली तिथे नेऊन सोडा. कायदाही तेच सांगतो.

मिरीची फॉस्टर

@खडूस, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदीनंतर कुत्रं मूळ जागी सोडायचं असतं हे खरं, पण ते रस्त्यावरच राहणाऱ्या कुत्र्यांबद्दल. ही महिन्या-दीड महिन्याची असल्यापासून घरात वाढली आहे. धायरीतली कुत्री तिला एक रात्र टिकू देणार नाहीत आणि गाड्या चुकवायला ती शिकलेलीच नाही.

@शिवनेरीचा पोर, वरून जाळीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. आजच फोन करते.

टोरांटोकर

कॅनडाबद्दल. 28 सप्टेंबर 2022 पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून 'व्यावसायिक' गटातली कुत्री आणायला बंदी आहे आणि भारत त्या यादीत आहे. इथे कुणाला तरी दत्तक द्यायला म्हणून आणलेलं कुत्रंही त्याच गटात धरतात. त्यामुळे "आम्ही पुढे जातो, तुम्ही मागून पाठवा, इथे कुणीतरी घेईल" हा बेत कुणी मांडला तर तिथेच थांबवा. स्वतःचं पाळीव कुत्रं आणण्याचा मार्ग वेगळा आहे. म्हणून लसीकरणाचं पुस्तक, मायक्रोचिप, सगळं आत्तापासून त्यांच्या नावावर हवं. विमानाचा खर्च दणदणीत असतो. तो त्यांना माहीत आहे का, आणि ऐनवेळी नाही जमलं तर कुत्री कुणाकडे राहील, हे स्पष्ट विचारा. "आईबाबा बघतील" असं उत्तर आलं तर आईबाबांशी बोला!

गच्चीवरची

सोसायटीबद्दल ते बरोबर बोलतायत. पशु कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक आहे, सोसायटीला कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण घरमालकाने भाडेकरारात अट घातली असेल तर तो वेगळा मामला. घरमालकाची लेखी संमती आल्याशिवाय कुत्री देऊ नका. आमच्या इमारतीत अशी दिलेली इंडी (आपली देशी कुत्री) भाडेकरार संपताच परत आली होती.

आणि कुठल्याही घरी द्याल तर पहिले काही आठवडे धीर धरा म्हणावं. सुरुवातीला खात नाहीत, पलंगाखाली बसून राहतात, आणि लोक लगेच "ही आजारी आहे" म्हणून फोन करतात. पळून जाण्याची भीतीही तेव्हाच जास्त.

मिरीची फॉस्टर

सगळ्यांचे आभार. नारायणगावला बोलले. गोठा तीन बाजूंनी बंद आहे, पुढून उघडा. जाळी मारायला तयार आहेत, आम्ही निम्मा खर्च देऊ म्हटलं तर आजोबा रागावले. वाकडच्यांनी घरमालकाला मेसेज केलाय, त्याचं अजून उत्तर नाही. कॅनडाच्या खर्चाचा आकडा ऐकून जरा गप्प झालेत.

माझं मन मळ्याकडे झुकतंय, पण जाळी पूर्ण झालेली बघितल्याशिवाय मिरीला नेणार नाही. रात्री आत ठेवणार, साखळी नाही, नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडेच परत, असं लिहून घ्यायचं आहे. दत्तक कराराचा सोप्या मराठीतला मसुदा कुणाकडे असेल तर विपू (विचारपूस, म्हणजे मला निरोप) करा. आमच्याकडे आहे तो इंग्रजीत आहे, आणि तो आजोबांपुढे ठेवणं मला बरं वाटत नाही.

शिवनेरीचा पोर

मसुदा नाही, पण रविवारी गावी आहे. पत्ता कळवा, जाळी बघून येतो. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघावं लागेल, बाहेरून ढकलून आत जाईल असं नको.