पायथनमध्ये २.५ चे २ का होतात?

प्रश्न:
नमस्कार. दुकानाच्या बिलांसाठी पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेत प्रोग्राम लिहीत आहे. संख्या जवळच्या पूर्णांकाला आणणाऱ्या राउंड फंक्शनला २.५ दिले तर २ मिळतात, ३.५ दिले तर मात्र ४. शिवाय २.६७५ दोन दशांश स्थळांपर्यंत मागितले की २.६८ ऐवजी २.६७ येते. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वर न्यायचे, असे आपण शाळेत शिकलो. मग हे असे का होते?

प्रतिसाद १:
आपल्या उदाहरणांत दोन वेगळी कारणे एकत्र आली आहेत. २.५ ही संख्या २ आणि ३ यांच्या बरोबर मधोमध आहे आणि अशा वेळी पायथन ३ सम संख्येकडे जाते. (पायथन २ मध्ये उत्तर ३ येत असे.) ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची खरी बेरीज ८ आहे. शाळेच्या नियमाने पूर्णांक करून बेरीज घेतली तर १० येते, सम संख्येच्या नियमाने ८ च राहते. नोंदी हजारोंनी असतील, तर हा फरक साचत जातो.

२.६७५ ची गोष्ट निराळी आहे. ही संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ या अंकांत) तंतोतंत मावत नाही, त्यामुळे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या साठवण्याच्या पायथनच्या नेहमीच्या प्रकारात, प्रत्यक्षात २.६७४९९९९९९९९९९९९८२२... इतकी साठवली जाते. ती मध्याच्या किंचित खाली असल्याने कोणत्याही नियमाने २.६७ हेच उत्तर योग्य ठरते.

प्रतिसाद २:
वरील खुलासा अचूक आहे, पण बिलासाठी सम संख्येचा नियम वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास पूर्ण रुपया धरायचा आणि कमी असल्यास ते सोडून द्यायचे. म्हणजे १२२.५० चे १२३ व्हायला हवेत. राउंड १२२ देईल. दशांश रकमा तंतोतंत हाताळणारे पायथनचे डेसिमल मॉड्यूल घ्या, रक्कम अवतरणचिन्हांत स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या (फ्लोट दिलात तर वरची चूक तशीच आत येईल) आणि रक्कम हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत आणणाऱ्या त्यातील क्वांटाइझला राउंड-हाफ-अप (शाळेतला नियम) हा पर्याय सांगा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. माल परत आल्यावर होणाऱ्या ऋण रकमांनाही हेच लागू होईल का?

प्रतिसाद २:
होय. डेसिमलमधील हा पर्याय शून्यापासून दूर जातो, म्हणून -२.५ चे -३ होतात. मात्र बिलाचे पान जावास्क्रिप्टमध्ये (वेब पानांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत) असेल, तर तिथले मॅथ-राउंड -२ देते आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. म्हणून हिशेब एकाच ठिकाणी करावा. तसेच टप्प्याटप्प्याने राउंड करू नये: २.४४७ चे २.४५, मग २.५ आणि शेवटी ३ होतात, थेट केल्यास २.