स्थगिती मिळाली म्हणजे केस जिंकली? (चर्चा धागा)

काळाकोट_फोर्ट
काल लालबागकर यांनी टाकलं : 'घर खाली करण्याच्या डिक्रीला हायकोर्टाची स्थगिती. केस जिंकलो! मालकाने आता गप्प बसावं.' खाली अभिनंदनाची रांग. अहो, कसलं अभिनंदन? स्थगितीने खालच्या कोर्टाची डिक्री, म्हणजे घर सोडण्याचा हुकूम, रद्द होत नाही, तिची अंमलबजावणी तेवढी थांबते. उद्या तुमचं रिव्हिजन (हायकोर्टातला फेरतपासणीचा अर्ज) फेटाळलं की त्याच डिक्रीवर मालकाची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, पुढे सरकणार. सुप्रीम कोर्टाने चामुंडी मोपेड्सच्या निकालात १९९२ सालीच हा फरक सांगून ठेवलाय. दुसरे एक विद्वान लिहितात, सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते. तो २०१८चा निकाल होता. २९ फेब्रुवारी २०२४ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो मोडीत काढला. आणि याचिका 'निकाली काढली' की लगेच 'फेटाळली' म्हणून बोंब ठोकू नका. 'पालिकेने अर्जदाराचं ऐकून निर्णय घ्यावा' एवढं सांगूनही कोर्ट याचिका निकाली काढतं. त्यात कोण हरलं?

लालबागकर
वकीलसाहेब, पुस्तकातलं झालं असेल तर ऐका. कोर्टाचा बेलीफ कुलूपवाल्याला घेऊन दारात उभा होता. तव्यावर पोळी, आई कपाट धरून बसलेली. आमच्या वकिलाने मोबाइलवर आदेश दाखवला, तर म्हणतो, 'सहीशिक्क्याची प्रत आणा.' तासभर जिन्यात हुज्जत घातली तेव्हा गेला. त्या दिवशी आम्ही घरात झोपलो. याला जिंकणं नाही तर काय म्हणायचं?

नावापुरता_मालक
मालकाची बाजू कोणी मांडणार की नाही? आजोबांची गिरगावात इमारत. १९४७च्या कायद्याने भाडं १९४० सालच्या दरावर गोठवलं, १९९९च्या कायद्याने उपकार केले ते वर्षाला ४ टक्के वाढीचे. म्हणजे शंभरावर चार रुपये! वडिलांनी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात डिक्री मिळवली. मग अपील, मग रिव्हिजन. मध्येच वडील गेले, तर 'वारस रेकॉर्डवर आणा'. डिक्रीची नक्कल कपाटात आहे, खोलीची किल्ली भाडेकरूच्या खिशात.

पागडीवाली_दादर
आणि आजोबांनी खोली देताना एकरकमी पागडी घेतली ती कुठल्या कपाटात आहे? आम्ही त्या काळी दागिने मोडून दिली. खोली नावावर करायची म्हटलं की मालकाला त्याचा हिस्सा हवा, गच्ची गळते तेव्हा मालक गावाला! आमच्या इमारतीला दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू आहेत, त्यांनाच आता गंज चढलाय.

नावापुरता_मालक
चार आकडी भाड्यात गच्ची करून देतो का कोणी? ताई, दादरमध्ये त्या पैशात गाडीसुद्धा उभी करता येत नाही.

पागडीवाली_दादर
ताई म्हणू नका. आणि चार आकडी भाडं घेता, तर आधी पावती द्यायला शिका.

काळाकोट_फोर्ट
पागडीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. लालबागकर, आदेश शेवटपर्यंत वाचलात का? सुप्रीम कोर्टाचा आत्माराम प्रॉपर्टीजचा निकाल, २००४ : डिक्रीला स्थगिती देताना कोर्ट बाजारभावाने रक्कम भरायला लावू शकतं. बहुतेक अशा आदेशांत अट असते, आणि अट मोडली की स्थगिती जाते.

लालबागकर
आहे. शेवटच्या परिच्छेदात आहे. दर महिन्याच्या १० तारखेच्या आत कोर्टात जमा करायचे. रक्कम इथे लिहीत नाही, माझं भाडं त्यापुढे सुट्टे पैसे वाटतात. आमच्या वकिलाने तोंडी फक्त 'स्टे मिळाला' एवढंच सांगितलं. ठीक, 'जिंकलो' हा शब्द मागे घेतो. समाधान?

नावापुरता_मालक
थांबा थांबा. माझ्या भाडेकरूनेही असेच जमा केलेत. मग ते पैसे माझेच ना?

काळाकोट_फोर्ट
रक्कम उचलण्यासाठी अर्ज करा. बहुतेक हमीपत्र द्यावं लागेल, की रिव्हिजन त्याच्या बाजूने लागलं तर कोर्ट सांगेल ते परत करेन.

नावापुरता_मालक
म्हणजे डिक्री माझी, खोली त्याची आणि पैसेही अजून माझे नाहीत?

पागडीवाली_दादर
अभिनंदन!