दुबई: तुमचा हात लागलेली एक जागा सांगा

माझे बाबा १९७४ साली 'द्वारका' बोटीने, डेकवर चटई टाकून, मुंबईहून दुबईला आले. राशिद बंदरात वेल्डर होते. परवा गाडी तिकडून गेली तर म्हणाले, "तो कठडा दिसतो ना, त्याचं वेल्डिंग माझं." कठडा मधल्या काळात दोनदा बदललाय, हे त्यांना कोण सांगणार!

शेख, सोनं, बुर्ज यांवर भरपूर लिहून झालंय. तुम्ही फक्त एक जागा सांगा, जिला तुमचा हात लागला. रस्ता, पाइप, वर्ग, डबा, काहीही चालेल. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

निवृत्त सर्व्हेयर, सातारा

१९७७ ला जबल अलीत रुजू झालो तेव्हा तिथे बंदर सोडाच, सावलीला झाडसुद्धा नव्हतं. शहरापासून पस्तीसेक किलोमीटर नुसती वाळू. किनारा आत कापून बंदर करायचं होतं. लेव्हल घ्यायची, म्हणजे जमिनीची उंची मोजायची, ती पहाटे. नऊ वाजून गेले की वाळूवरची हवा अशी थरथरायची, की दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे नाचायला लागायचे. पाच मिलिमीटर की पंधरा, छातीठोक सांगता येत नसे. आणि संध्याकाळी ठोकलेल्या खुंट्या सकाळी वाळूखाली गडप! शेवटी आम्ही प्रत्येक खुंटीशेजारी तेलाचं रिकामं पिंप उभं करायला लागलो. साहेब आधी हसला, मग त्यानेच आणखी पिंपं मागवली.

१९७९ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं. आम्हाला सुट्टी दिली, म्हणजे तिकडे फिरकू नका.

डबेवाल्या काकू, पूर्वी करामा, आता डोंबिवली

मी काही बांधलं नाही हो, पोळ्या लाटल्या. १९८६ ते २००३, दुबईच्या करामा भागातल्या दोन खोल्यांत. सुरुवातीला यांच्या ऑफिसातले चार बॅचलर, पुढे साठ डबे. (दुबईत बॅचलर म्हणजे लग्न न झालेला असं नाही, बायको गावाला असलेलाही बॅचलरच.) उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एवढं तापायचं की थंड पाण्याच्या नळाला हात लावायची सोय नाही. मग गिझर बंद ठेवायचा आणि गार पाणी म्हणून त्यातलं वापरायचं! नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला मी हे शिकवलंय. मटकीला रात्रीतून मोड यायचे आणि सकाळी थोडा उशीर झाला की वास.

तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी रात्री सगळ्यांना मटण हवं. काही जण गावाला पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. त्यांच्या खोलीत आठ जण, मग बोलणार कुठे? माझ्या स्वयंपाकघरात बसून टेप करायचे. एकाच्या कॅसेटमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या गेल्या. त्याच्या आईची उलट कॅसेट आली: "पैसे मिळाले. तू कुणाच्या घरी राहतोस ते आधी सांग."

सांडपाणी प्रयोगशाळा, १९ वर्षं

हिवाळ्यात रस्त्यांच्या कडेला पेटुनियाचे ताटवे बघून पाहुणे फोटो काढतात. ती बाग जगते शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर, आणि त्या पाण्याचे नमुने आम्ही तपासायचो. फोटो काढून होईपर्यंत मी हे सांगत नाही.

शटरिंग कारपेंटर, दापोली तालुका

सगळ्यांना सलाम. बुर्ज खलिफा आज ८२८ मीटर आहे, मी होतो तेव्हा (२००६-०७) नाव बुर्ज दुबई होतं आणि निम्माच उभा होता. मला आठवतं ते रात्रीचं काँक्रीट. उन्हाळ्यात दिवसा ओतलं तर पाइपातच धरायला लागतं, म्हणून रात्री ओतायचं, मिक्समध्ये बर्फ घालून. आम्ही त्यातला तुकडा पळवायचो आणि डोक्याच्या फडक्यात बांधायचो.

राहायला सोनापूरचा, कामगारांचा कॅम्प. नाव आपल्याच लोकांनी पाडलेलं, कुणाला एवढी मस्करी सुचली देव जाणे. त्याआधीच्या एका कंत्राटदाराने पाच महिन्यांचा पगार बुडवला, पासपोर्ट त्याच्याच कपाटात. बहिणीचं लग्न कर्जावर झालं. ते मी विसरलेलो नाही, पण तुम्ही जागा विचारलीत म्हणून जागा सांगतो.

आता मुलगा तिकडे एका दुकानात कामाला आहे. गेल्या वर्षी मला १२४व्या मजल्यावर घेऊन गेला, तिकीट काढून. मी आपला कोपऱ्यातला सांधा बघत उभा. तो म्हणाला, "अब्बा, लोक बाहेर बघायला येतात."

जन्म दुबई, पासपोर्ट भारतीय

शाळेत अरबी, घरी मराठी, गल्लीत हिंदी-मल्याळम. अठरा पूर्ण झाल्यावर बाबांच्या व्हिसातून नाव निघालं. मुलगा असल्यामुळे! ताईचं लग्न होईपर्यंत राहिलं. पुण्यात इंजिनिअर झालो आणि जन्मगावी परत आलो तो व्हिजिट व्हिसावर. विमानतळावर शिक्का मारणाऱ्याने विचारलं, "पहिल्यांदाच येताय का?"

माझी जागा म्हणजे मेट्रोची फलाटावरची काचेची दारं. गाडीला ड्रायव्हर नाही, त्यामुळे ती नेमक्या जागी थांबली पाहिजे, आणि गाडीचं दार व फलाटाचं दार एकदम उघडलं पाहिजे. ९ सप्टेंबर २००९ ला मेट्रो सुरू झाली. त्याआधी कित्येक महिने आम्ही रिकामी गाडी आणि रिकामा फलाट यांची गाठ घालत होतो. अजूनही दार उघडताना मी मनात मोजतो. बायको वैतागते.

निवृत्त सर्व्हेयर, सातारा (पुन्हा)

डबेवाल्या काकू, एक विचारू? तुम्ही मटकीच्या उसळीत गूळ जरा जास्तच घालायचात का? मी १९८९-९० मध्ये करामातच होतो, पोस्टाच्या मागच्या गल्लीत.

डबेवाल्या काकू

घालायचे. तक्रार करणारे तीन होते. दोघे सोलापूरचे.

निवृत्त सर्व्हेयर, सातारा

तिसरा मी. ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसल्याची बातमी आली आणि आम्ही आठवड्यात गाशा गुंडाळून गावी गेलो. परतलो तो शारजाला. तुमचा तीन पुडांचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिला. झाकणावर खिळ्याने २७ कोरलेलं आहे. वरच्या पुडात हळद, मधल्यात तिखट. खालच्याची कडी तुटली आहे. पत्ता कळवा, डोंबिवलीला पाठवतो.