आईच्या दागिन्यांचं मूल्यांकन सांगलीत कुणाकडून करून घ्यावं? वाटणी आणि कर, दोन्हींसाठी हवं आहे

सांगलीकर_ताई:

नमस्कार. जाणकारांची मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

आई गेल्या वर्षी गेली. बाबा आधीच गेलेले. मृत्युपत्र नाही. वारस आम्ही तिघं: पुण्याचा दादा, मी, आणि धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ करोनात गेला. भाचा आता सातवीत आहे, भावजय त्याला घेऊन विट्याला राहते.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. त्या भागातल्या कित्येक घरांसारखा आमचाही गलाईचा (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) धंदा होता, आजोबा आणि बाबांनी तमिळनाडूत दुकान चालवलं. त्यामुळे घरात सोनं आलं ते दोन पिढ्यांत, थोडं थोडं करून. आजीची बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ आणि मोत्यांचा तन्मणी. आईच्या पाटल्या, गोठ, तोडे. नंतरच्या काळात, 2005 च्या पुढे, आईने घेतलेल्या चेन आणि बांगड्या. शिवाय पूजेची चांदीची भांडी, मिरजेत करून घेतलेला तंबोरा (आई गायची), आणि आजोबांचं एक मोठं तैलचित्र.

दादाला त्याच्या वाट्याचं विकायचं आहे, फ्लॅटचं काम अडलंय. मला पाटल्या ठेवायच्या आहेत. आणि भाच्याचा वाटा... माझा जीव खरा तिथे अडकलाय. आज त्याला काही विचारता येत नाही. पुढे मोठा होऊन तो कागद हातात घेईल तेव्हा प्रत्येक दागिन्याचं वजन, टंच (सोन्याची शुद्धता) आणि भाव त्याला त्यात दिसला पाहिजे. आत्याने आणि काकाने आपसांत ठरवून टाकलं असं त्याला कधीही वाटू नये.

अडचण अशी की पावत्या नाहीत. 2019 च्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि कपाटातली कागदपत्रं त्यात गेली. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम तेवढा वाचला, तो माझ्याकडे होता. त्यात आईच्या हातात याच पाटल्या दिसतात, आजीच्या गळ्यात बोरमाळ दिसते.

एका सराफांकडे नेलं तर त्यांनी सगळे दागिने एकत्र काट्यावर ठेवले आणि एकूण वजन गुणिले आजचा भाव अशी चिठ्ठी दिली. तिच्यावर ना सही, ना शिक्का. दुसऱ्यांनी सांगितलं, सगळं आटवून टाका, लगड झाली की वाटायला सोपं. मी आटवू दिलं नाही. बँकेत सोनेतारणाचं मूल्यांकन करणाऱ्या गृहस्थांना विचारलं, ते म्हणाले, माझा आकडा फक्त कर्जापुरता, करासाठी चालणार नाही.

मग कोणाचा चालतो? आणि आजची किंमत काढायची की जुनी? 500 ग्रॅमपर्यंत कर नाही असा एक मेसेज फिरतो, तो खरा आहे का? लॉकर आईच्या नावावर, नॉमिनी मी आहे, आणि त्यात भावजयीचेही तिच्या लग्नातले दागिने आहेत. त्यांचं काय करायचं?

हळदबाजार:

ताई, 500 ग्रॅमचा मेसेज खरा आहे. विवाहित स्त्रीला 500, अविवाहित मुलीला 250 आणि पुरुषाला 100 ग्रॅम. तेवढ्यावर कोणी हात लावत नाही.

करसल्लागार_सातारा:

आकडे बरोबर आहेत, अर्थ चुकीचा लावला जातो. ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची 11 मे 1994 ची सूचना आहे आणि ती छापा पडल्यावर किती दागिने जप्त करू नयेत एवढ्यापुरती आहे. विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरच्या कराशी तिचा संबंध नाही. एक ग्रॅम विकून नफा झाला तरी तो दाखवायचा असतो.

आता ताईंचा प्रश्न. वारशाने मिळालं म्हणून आज तुम्हाला कुणालाच कर नाही. आपल्याकडे मृत्यूनंतरचा इस्टेट ड्युटी नावाचा कर होता, तो 1985 लाच गेला. कर येतो तो विकताना, आणि ज्याने विकलं त्याला. म्हणजे सध्या तो फक्त दादांचा प्रश्न. पाटल्या तुम्ही नुसत्या ठेवल्या तर तुमच्यावर काही नाही. पण मोड घालून नवीन दागिना केलात तर तीही विक्रीच धरली जाते, हे लक्षात असू द्या.

तुम्हाला किमती दोन लागणार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. वाटणीसाठी आजची. करासाठी, जे दागिने घरात 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून आहेत त्यांची त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून घेता येते. आजीचं आणि आईचं जुनं सोनं यात बसतं. 2005 नंतरच्या चेन-बांगड्यांना ही सवलत नाही, तिथे आईने दिलेली मूळ किंमत लागते. पावती बुडाली असली तरी दुकानदाराकडे नक्कल मिळते का, आईच्या पासबुकात चेकची नोंद आहे का, ते बघा.

2001 साली सोनं दहा ग्रॅमला चार-साडेचार हजारांच्या घरात होतं. समजा पाटल्यांचं तेव्हाचं मूल्य 17,000 निघालं आणि आज 5,00,000 ला विकल्या. नफा 4,83,000. सोनं 24 महिन्यांहून जास्त काळ जवळ असलं की तो दीर्घ मुदतीचा, आणि आजीकडचा व आईकडचा काळही त्यात मोजतात. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, महागाईची वजावट आता नाही. म्हणजे 60,375 आणि त्यावर 4 टक्के उपकर. एकदम 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, ते कायद्याने चालत नाही. सरळ खात्यावर घ्यायचे.

अहवाल कोणाचा? संपत्ती कर कायदा 1957 खाली नोंदलेल्या मूल्यांककाचा. तो कर 2016 पासून उठला, पण त्याखाली होणारी मूल्यांककांची नोंदणी चालू राहिली. त्यांच्यात प्रकार आहेत: जमीन-इमारतीचे वेगळे, दागिन्यांचे वेगळे, कलावस्तूंचे वेगळे. तुम्हाला ज्याची नोंदणी दागिन्यांसाठी आहे असा हवा. नोंदणीचं पत्र दाखवा म्हणून सरळ मागा, संकोच करू नका. कंपनी कायद्याखाली नोंदलेले मूल्यांकक इथे उपयोगाचे नाहीत, त्यांच्यात दागिन्यांचा वर्गच नाही.

तंबोऱ्याची काळजी सोडा, ती घरच्या वापरातली वस्तू, विकली तरी भांडवली नफा लागत नाही. तैलचित्र मात्र कलाकृती म्हणून करात येतं. चांदीच्या भांड्यांना, ती खरोखर रोज वापरात होती का, हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

आणि भाच्याच्या वाट्याचं सोनं आत्ता विकलं तर तो नफा त्याच्या आईच्या उत्पन्नात मिळवला जातो. तिचं स्वतःचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर उरलेली मर्यादा या नफ्याला वापरता येते. पण मुळात विकूच नका, असं माझं मत.

विट्याचा_गलाईवाला:

ताई, आटवू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. मी याच धंद्यात वाढलो, पोटतिडकीने सांगतो. एकदा मुशीत गेलं की आजीची बोरमाळ होती का बाजारातली चेन, काही पुरावा उरत नाही. फोटोतला दागिना आणि हातातला दागिना जुळवायचा तर तो शाबूत पाहिजे.

एकूण वजन गुणिले भाव हा हिशेब तुमच्या घरातल्या सोन्याला लागूच पडत नाही. बोरमाळेचा मणी आतून लाखेने भरलेला असतो, वर सोन्याचा पातळ पत्रा. काट्यावर लाखही सोन्याच्या भावात तुलते. ठुशीतही लाख आणि दोरा, गोंडा. गोठ पोकळ की भरीव ते हातात घेऊन, वाजवून, कधीकधी आतून बघावं लागतं. म्हणून अहवालात प्रत्येक दागिन्यापुढे ढोबळ वजन, लाख-खडे-मोती वजा, निव्वळ वजन आणि टंच असे रकाने वेगवेगळे पाहिजेत. सगळ्याला एकच टंच लिहिलेला दिसला तर सही घेऊ नका.

मशीनवर टंच काढतात तो वरच्या थराचा असतो. जुन्या कामात झाळ (सांधे जोडायचा मिश्र धातू) जास्त, सांध्याजवळ एक आकडा येतो आणि मधोमध दुसरा. दोन-तीन जागी लावायला सांगा. पुतळ्या सगळ्या सारख्या नसतात, काही नंतर भरीला घातलेल्या असतात. एकेक बघायची. आणि तुमच्या समोर काटा शून्यावर आणून मगच वजन करायचं.

मोत्यांचं मला काही सांगता येणार नाही, आणि सराफालाही विचारू नका. तन्मणीचे मोती जुने समुद्रातले निघाले तर सोन्यापेक्षा त्यांचीच किंमत जास्त असू शकते. खडे-मोती पारखणारा रत्नपारखी वेगळा लागतो.

वकील_मिरज:

भावजयीचे दागिने आधी बाजूला काढा. ते तिचं स्त्रीधन आहे, आईच्या मालमत्तेत येतच नाही. बँक लॉकर उघडताना साक्षीदारांसमोर यादी करते, त्याच वेळी तिला हजर ठेवा आणि तिच्या वस्तू यादीत तिच्या नावाने वेगळ्या लिहून घ्या. तुम्ही नॉमिनी आहात म्हणजे मालक नाही, फक्त ताब्यात घेणाऱ्या.

तिघांचे वाटे सारखे. भाऊ असता तर त्याला जे मिळालं असतं ते भाच्याला. भावजयीला सासूच्या मालमत्तेत स्वतःचा हिस्सा नाही, ती मुलाची पालक म्हणून सही करेल. तिच्याकडून मुलाचा हक्क सोडल्याचं काही लिहून घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. सज्ञान झाल्यावर तो त्याला आव्हान देऊ शकतो आणि त्याचं बरोबरच असेल.

बँकेने वारस दाखला मागितला तर तो दिवाणी न्यायालयातून मिळतो, 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली. सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं, दागिन्यांसाठी त्याच्या मागे धावू नका. वाटणीच्या कागदाला मूल्यांककाचा अहवाल फोटोंसह जोडा आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

सांगलीकर_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाशी आणि भावजयीशी बोलले. दोघांना पटलंय की आधी लॉकरची यादी, मग मूल्यांकन, आणि तोवर काहीच विकायचं नाही. दादाने फ्लॅटवाल्याकडून मुदत मागून घेतली. अहवालात आजची आणि 1 एप्रिल 2001 ची अशा दोन्ही किमती मागणार आहे. अल्बममधल्या फोटोंच्या मोठ्या प्रती काढायला दिल्यात, त्याही जोडेन. भाच्याचं सोनं विकायचं नाही हे तर ठरलंच. त्याच्या वाट्याला आजीची बोरमाळ यावी असं भावजय म्हणाली, दादाने लगेच होकार दिला.

आता एकच प्रश्न उरतो. दागिन्यांची नोंदणी असलेले मूल्यांकक एक-दोन कळले आहेत, पण तन्मणीच्या मोत्यांसाठी सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी रत्नपारख्याकडून लेखी अहवाल घेतला आहे का? तन्मणी पुण्याला न्यायची वेळ येऊ नये असं वाटतं, धागा जुना आहे, मोती सुटायला लागलेत. नाव-नंबर इथे नको, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.