मदत हवी आहे: 'लुग्दुनी' म्हणजे लिआँ की लायडन?

जुन्या लॅटिन पुस्तकांची सूची करतोय. एका वैद्यकीय ग्रंथाच्या शीर्षकपानावर 'लुग्दुनी' (लुग्दुनुम इथे) आणि १६४८ साल आहे. लुग्दुनुम म्हणजे फ्रान्समधलं लिआँ. पण नेदरलँड्समधल्या लायडनचे मुद्रकही 'लुग्दुनी बाटाव्होरुम', म्हणजे बटावी लोकांचं लुग्दुनुम, असं छापत. नेमकं पुढचं कसरीने खाल्लंय! उरलेला शब्द मधोमध नसून डावीकडे सरकलेला आहे, म्हणून मला लायडनचा संशय.

मुद्रकाचं नाव, बोधचिन्ह शिल्लक नाही. शीर्षक शोधलं तर दोन्हीकडच्या आवृत्त्या निघतात. जलचिन्ह (उजेडात धरल्यावर कागदात दिसणारी खूण) फ्रेंच वाटतं, पण डच मुद्रकही फ्रेंच कागद वापरत, त्यामुळे उपयोग शून्य. फ्रान्सच्या राजाच्या छपाई-परवान्याचा उल्लेख नाही. पुस्तक बाहेर नेता येत नाही, फोटो चालतात.

अक्षरांचे खिळे, वेलबुट्टी की पानांखालच्या खुणा, यांतलं काय पाहून गाव ठरवता येईल?