थराची ‘रचना’ की ‘संघटन’?

अडलेला भाषांतरकार:
टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरांवरील एका संशोधनलेखाचे भाषांतर करताना मी अडलो आहे. मुळातील ‘कॉम्पोझिशन’साठी मी सर्वत्र ‘रचना’ हा शब्द योजला होता. परीक्षकांनी त्या प्रत्येक ठिकाणी खूण करून ‘रचना म्हणजे अणूंची मांडणी, येथे घटकांचे प्रमाण अभिप्रेत आहे’ असा शेरा मारला. ‘संघटन’ लिहावे, तर वाचकाला सभा आणि मोर्चे आठवतील. जाणकारांनी शब्द सुचवावा.

प्रयोगवही:
परीक्षकांचे म्हणणे रास्त आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच पदार्थात आहे. अ‍ॅनाटेज आणि रूटाइल या त्याच्या दोन्ही स्फटिकरूपांत टायटॅनियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोनच अणू असतात. तरीही पहिल्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ३.९ ग्रॅम, तर दुसऱ्याची सुमारे ४.२ ग्रॅम भरते आणि अपवर्तनांकही बदलतो. ही मांडणी क्ष-किरण विवर्तनाने ओळखता येते. उलट, क्ष-किरणांच्या माऱ्याने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली, तर वरच्या सुमारे १० नॅनोमीटरमधील घटक कळतात. दोन्हींना ‘रचना’ म्हटले, तर ‘रचना तीच, पण रचना वेगळी’ असे लिहिण्याची पाळी येईल. ‘रासायनिक संघटन’ हा प्रयोग रुळलेला आहे, तोच ठेवावा.

साधी लेखणी:
रुळलेला कोणासाठी? ‘घटकप्रमाण’ म्हटले, तर पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही कळते. फक्त ‘खोलीनुसार घटकप्रमाण’ लिहिताना जपावे, नाहीतर कोणी भाड्याच्या खोल्या मोजायला निघेल. मला खरे तर ‘पातळ थर’ अधिक खटकतो, कारण पातळ हे द्रवालाही म्हणतात. सरळ ‘पापुद्रा’ का नको?

निरुक्तप्रेमी:
पापुद्रा सुटतो, सोलला जातो. संशोधकाचा थर मात्र आधाराला घट्ट चिकटलेला हवा. ‘तनुपटल’ हाच निर्दोष शब्द आहे. ‘पटल’पासूनच डोळ्यावरचे ‘पडळ’ आले आणि त्याचाच भाऊ ‘पडदा’.

प्रयोगवही:
‘पडळ’ मान्य, ‘पडदा’ नाही. तो फारसीतून आला आहे. शिवाय ‘तनुपटलजाडीमापन’ असा समास एका दमात वाचून दाखवावा, म्हणजे त्याची निर्दोषता कळेल.

निरुक्तप्रेमी:
समास लांबला म्हणून शब्द वाईट ठरत नाही. परक्या शब्दाला मात्र आपण एका दमात जागा देतो.

साधी लेखणी:
परका म्हणून हिणवायचे, तर ‘वर्ख’ही अरबी आहे. अल्फा कण उलटे फिरतात हे गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूंच्या पातळ पत्र्यांवर पाहिले, त्यांत सोन्याचा वर्खही होता. आज याच तत्त्वावर सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे कण थरावर सोडतात आणि माघारी फिरणाऱ्या कणांच्या ऊर्जेवरून कोणते अणू किती खोलीवर आहेत ते काढतात. सुट्या थराला ‘वर्ख’, चिकटलेल्याला ‘मुलामा’; इतकी बारीक विभागणी भाषेत आयती आहे.

प्रयोगवही:
त्या पद्धतीतून थेट मिळते ती दर चौरस सेंटिमीटरमागील अणूंची संख्या, ‘जाडी’ नव्हे. जाडी काढायला घनता गृहीत धरावी लागते आणि थरात सूक्ष्म छिद्रे असल्यास ती अखंड पदार्थापेक्षा कमी असते. म्हणून अखंड पदार्थाची घनता धरून काढलेली जाडी खऱ्या जाडीपेक्षा कमी येते. थर देताना जाडी पाहायला ठेवतात त्या कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकाचेही तसेच आहे. त्यावर वस्तुमान साचले की कंप्रता घटते आणि पडद्यावर (फारसीच!) जाडीचा आकडा उमटतो. एकदा मी अ‍ॅल्युमिनियमचा थर देताना आदल्या प्रयोगातली सोन्याची घनता बदलायची विसरलो. आकडा १४ नॅनोमीटर दाखवत होता. थर होता सुमारे १०० नॅनोमीटरचा. तेव्हापासून मी वहीत ‘जाडी’ न लिहिता ‘गृहीत जाडी’ लिहितो.

निरुक्तप्रेमी:
‘गृहीत’ म्हणजे मनाने धरलेली. तुम्ही तर ती गणिताने काढता. ‘अनुमित जाडी’ म्हणावे.

अडलेला भाषांतरकार:
मी तूर्त ‘घटकप्रमाण’ घातले आहे. परंतु ‘जाडी’ हा शब्द लेखात एकतीस वेळा आला आहे आणि तो कोठे मोजलेला, कोठे गृहीत आणि कोठे अनुमित, हे मूळ लेखकांनी सांगितलेलेच नाही.

निरुक्तप्रेमी:
‘पडदा’बद्दल मी उद्या कोश पाहून लिहितो.