शब्दचर्चा : क्युरेटर, आणि चित्रकारच क्युरेटर असेल तेव्हा

गेरू :
कलावंतांच्या परिचयात हल्ली 'आर्टिस्ट अँड क्युरेटर' ही जोडी सर्रास दिसते. कोशात 'क्युरेटर'ला 'अभिरक्षक' मिळतो. पण 'चित्रकार आणि अभिरक्षक' असं लिहिलं, की हा माणूस संग्रहालयात नोकरीला असून फावल्या वेळात चित्रं काढतो असं वाटतं. संयोजक, संकल्पक, विचारनियोजक असेही पर्याय वाचले आहेत. यातला कुठला कुठे चालेल?

शाईपेन :
अभिरक्षक चुकीचा नाही, फक्त त्याचं घर ठरलेलं आहे. मूळ लॅटिन 'कुरा' म्हणजे काळजी, निगा. संग्रहालयातल्या पदाला तो अर्थ नेमका लागतो, आपल्याकडे सरकारी संग्रहालयांत 'सहाय्यक अभिरक्षक' हे पदनामही आहे. संग्रहात आलेल्या वस्तूंची दाखल नोंदवही ठेवणं, वस्तूवर दाखल क्रमांक घालणं, दमटपणा सांभाळणं, जलरंग, कागद आणि कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू न देणं (तैलचित्राला २०० पर्यंत चालतो) ही ती निगा. वस्तू आधीपासून तिथे आहेत, त्या राखायच्या आहेत.

समकालीन प्रदर्शनाचा क्युरेटर याच्या उलट टोकाला असतो. काम सुरू करताना त्याच्या हातात एकही वस्तू नसते. असतो तो एक प्रश्न, आणि त्या प्रश्नासाठी तो कलाकृती मागवतो किंवा नव्याने करवून घेतो. स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान यांनी १९६९ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये केलेल्या प्रदर्शनापासून हा दुसरा अर्थ ठळक होत गेला. त्याला 'रक्षक' म्हणणं पटत नाही.

पायवाट :
'संयोजक' तर नकोच. हॉल ठरवणं, निमंत्रणपत्रिका छापून घेणं, पाहुण्यांची सोय पाहणं ही संयोजकाची कामं. त्यासाठी मराठीत 'प्रदर्शन भरवणे' हे उत्तम क्रियापद आहे. जहांगीर कलादालनात आठवडाभरासाठी हॉल घेणारा चित्रकार स्वतःच चित्रं निवडतो, टांगतो, पत्रिकाही काढतो. त्याला आपण क्युरेटर म्हणत नाही, कारण तो आपलंच काम दाखवतो. इतरांच्या कलाकृती एका विचाराने शेजारी आणणं ही या शब्दाची अट आहे.

म्हणून 'विचारनियोजक' मला अर्थाच्या सगळ्यांत जवळचा वाटतो. २०१४ची कोची बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन) पाहा. चित्रकार जितीश कल्लाट यांनी समुद्रमार्गांचा शोध आणि केरळातली जुनी गणित-खगोलाची परंपरा हे धागे घेऊन ती रचली. तिथे विचार आधी, निवड नंतर. त्या बिनालेने क्युरेटरपद सतत कलावंतांकडेच दिलेलं आहे : २०१२ला बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू, मग कल्लाट, २०१६ला सुदर्शन शेट्टी, २०१८ला अनिता दुबे. यांतले पहिले चौघे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले. तेव्हा हा प्रश्न मराठीच्या दारातलाच आहे.

चौकट :
विचारनियोजक कागदावर शोभतो, पण प्रदर्शन उभं राहतं त्या खोलीत कोणी तो उच्चारत नाही. शिवाय त्यात अर्धं कामच येतं. उरलेलं अर्धं भिंतीवर असतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर यावा, हा सर्वसाधारण नेम. चित्र ९० सेंमी उंच असेल, मध्यरेषा १४५वर धरली, आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येत असेल, तर खिळा १४५ + ४५ − ८ = १८२ सेंमीवर. तार न ताणताच माप घेतलं, की चित्र टांगल्यावर दोन-तीन सेंमी खाली उतरतं आणि ओळीतलं ते एकच चित्र बसकं दिसतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लहानमोठ्या चित्रांच्या खालच्या कडा एका रेषेत आणणं. मध्य वरखाली होतात आणि नजर पायऱ्या चढत-उतरत राहते.

कोणतं चित्र कशाशेजारी, दोहोंत किती भिंत मोकळी, कुठल्या मांडणशिल्पाचा (इन्स्टॉलेशनचा) आवाज पलीकडच्या खोलीत जातो, हेसुद्धा विचाराचंच काम. म्हणून क्रियापद म्हणून मी 'प्रदर्शन बांधणे' सुचवेन. गाण्याची चाल बांधतात, तसं.

शाईपेन :
'बांधणे' फार आवडलं. 'क्युरेट केलेलं प्रदर्शन'ऐवजी 'अमुक यांनी बांधलेलं प्रदर्शन' कानाला लगेच बसतं.

कलावंतानेच दुसऱ्यांचं प्रदर्शन बांधलं, की त्याला काय म्हणायचं ही अडचण जुनी आहे. १९३८ला पॅरिसच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने छताला कोळशाची १२०० पोती लटकवली. त्या वेळी त्याचं पद फ्रेंचमध्ये 'जेनेरातर-आर्बित्र' असं दिलं होतं. म्हणजे घडवणारा आणि लवाद, दोन्ही. या दुहेरी भूमिकेचं इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. घडवणाऱ्याला आपली बाजू असते, लवादाला ती असून चालत नाही.

पायवाट :
आपल्याकडे याला जवळचा नमुना दिवाळी अंकाच्या संपादकाचा. तो स्वतः कथाही लिहितो, पण 'कथाकार-संपादक' असं जोडनाव आपण लावत नाही. अंकावर 'संपादक', कथेखाली नुसतं नाव. तेच इथे करावं. 'कलावंत-क्युरेटर' या जोडशब्दातून तो दोन वेगळी कामं करतो, की याच प्रदर्शनात त्याचं चित्रही आहे, हे कळत नाही.

चौकट :
आणि चित्र असेल, तर ते भिंतीवरच्या मजकुरात लिहावंच. स्वतःच्या कामाची निवड आणि जागा दुसऱ्या कुणाकडून ठरवून घेतली, तर त्याचंही नाव द्यावं. बहुतेक वेळा होतं असं, की क्युरेटरचं काम दारासमोरच्या भिंतीवर जातं. प्रत्येकाला आपलं चित्र किती अंतरावरून पाहावं हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे तेवढी मोकळी जागा नकळत त्यालाच मिळते. शेजारच्याचं काम कोपऱ्यात दाटतं.

गेरू :
म्हणजे संग्रहालयातल्या पदाला अभिरक्षक, प्रदर्शनाला क्युरेटरच (ह्रस्व 'क्यु', म्युझियमसारखा), विचारनियोजक समीक्षेच्या लेखांपुरता, आणि क्रियापद बांधणे. परिचयात 'दृश्यकलावंत. इतरांची प्रदर्शनेही बांधतात.' अशी दोन वाक्यं करतो. पत्रिकेवर 'क्युरेटर' आणि 'सहभागी कलावंत' या दोन वेगळ्या ओळी. नाव दोन्हीकडे येत असेल, तर दोन्हीकडे छापायचं.